उलट्या फेऱ्याची वाकळ

माझ्या नातसुनेच्या फोनवर दर शुक्रवारी संध्याकाळी बायकांचा गलका सुरू होतो. आवाज नसतो त्याला, नुसतं टिंग टिंग. परवा मी मेघाला विचारलं, एवढं काय गं चाललंय? तर म्हणाली, "आजी, आमचा गोधडीचा ग्रुप आहे. शनिवार-रविवारी कोण काय शिवणार ते सांगतात सगळ्या." मग तिनं वाचून दाखवलं. एकीच्या बाळाचं दुपटं अर्धं राहिलंय. एकीकडं अचानक पाहुणे येणार म्हणून तिचा शनिवार बुडाला, तर तिनं त्या पाहुण्यांच्या नावानं बोटं मोडलीत. एकीनं जाहीर केलंय, रविवारी मी फक्त खिचडी टाकणार, ज्याला पोळी हवी त्यानं लाटून घ्यावी. मला हसू आवरेना. म्हटलं, बाई गं, ह्यातलं काहीच नवं नाही. फक्त आमचा शनिवार-रविवार सोमवारी यायचा.

चैत्र लागलाय. धाराशिवच्या ह्या घराशेजारचा कडुनिंब फुललाय, आणि दुपारी वारा सुटला की ती बारीक पांढरी फुलं गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन पडतात. जुन्या सुती कापडाला ऊन लागलं की त्याला एक वास येतो. थोडा साबणाचा, थोडा घामाचा, थोडा ट्रंकेचा. तो वास नाकात गेला की मी इथं राहतच नाही. मी जळकोटच्या अलीकडच्या आमच्या गावात, सासरच्या ओसरीवर जाऊन बसते. नवी सून म्हणून पहिलाच उन्हाळा, आणि समोर अंथरलेली वाकळ.

आमच्याकडं सोमवारी बैल जुंपत नाहीत. महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. आजही जुनी घरं पाळतात. बैल सुटले की गडी सुटले, गडी सुटले की चुलीवरची घाई सुटली, आणि मग बायकांनाही हात मोकळा करायला मिळायचा. त्यातून चैत्र-वैशाख म्हणजे शाळू खळ्यावरनं पेवात गेलेला, कडब्याची गंज रचलेली, शेतात भेगांशिवाय काही नाही. अशा वेळी गावभर ओसऱ्यांवर वाकळा पसरलेल्या असायच्या. रविवारी सांजच्याला आडावर घागरी भरताना एकच प्रश्न असायचा. "उद्या कुणाची?" म्हणजे उद्या कुणाच्या वाकळेवर बसायचं? मग बेत ठरायचे. शेवंताकाकू म्हणायच्या, माझीच घ्या गं, पोरगी बाळंतपणाला यायलीय. कुणी म्हणायची, माझ्याकडं या, हुरड्याच्या वाळवणाचं थालीपीठ करते. थालीपिठावर ओसरी फिरायची, हे सांगायला नको.

आणि वाकळेत काय काय जायचं! नवऱ्याचं धोतर, पोराची चड्डी, नणंदेची फाटकी चोळी, धान्याच्या पोत्याचा मऊ झालेला तुकडा. शेवंताकाकूंच्या एका वाकळेत रझाकारांच्या धामधुमीत त्यांच्या मालकांनी डोक्याला गुंडाळून रानात रात्री काढलेला पटका होता. चांदबीच्या घरानं त्याच्या पुढच्या, पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत सोसलं होतं. चांदबी पिंजाऱ्याची बायको, आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायची. दोघी एकाच वाकळेला समोरासमोर बसायच्या आणि एकमेकींच्या सुनांना नावं ठेवायच्या. त्यावर कुणी कधी भाषण केलं नाही. दुपारच्या चहाला गुळाचा खडा कुणी जास्त टाकला, ह्यावर मात्र भांडणं व्हायची.

ह्या सगळ्यात मी कुठं होते? मी चुलीपाशी होते. आणि जळत होते.

त्याचं असं झालं. माझं माहेर आळंदच्या बाजूचं, घरात कानडी. लग्न ठरलं तेव्हा दोन्ही गावं एकाच हैदराबाद राज्यात होती. अक्षता पडेपर्यंत माहेर गेलं म्हैसूर राज्यात आणि सासर मुंबई राज्यात. लोक म्हणायचे, पोरगी परमुलखात दिली. गाव तेच, वाट तीच, बैलगाडीही तीच. पण मी उतरले ती दुसऱ्या राज्यात, आणि तिथं गोष्टींची नावंसुद्धा वेगळी. आमची कौदी इथं वाकळ झाली. त्याचं काही नाही, शब्द काय, चार दिवसांत जिभेवर बसतात. हाताचं काय करायचं?

मी डावरी. जेवायला उजवा हात, तेवढं लहानपणी मार खाऊन शिकले. पण सुई, विळा, खुरपं, वेणी सगळं डाव्यानं. माझी आई, अव्वा म्हणायचो आम्ही तिला, तीही डावरी. पाठवणीच्या वेळी अव्वानं आपलं एक इरकली लुगडं माझ्या ट्रंकेत घातलं. काळ्याभोर अंगाचं, तांबड्या पदराचं. नेसून नेसून इतकं मऊ झालेलं की मुठीत धरलं तर मुठीत मावायचं. म्हणाली, "पहिल्या उन्हाळ्यात ह्याची कौदी कर. पण तुझ्या हातानं शिव हं. दुसऱ्या कुणाच्या नको." का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला एवढंच कळलं की हे काम माझं आहे.

पहिल्याच सोमवारी मी मोठ्या ऐटीत वाकळेच्या कडेला बसले, सुईत दोरा ओवला, डाव्या हातानं पहिला टाका घातला, आणि बाकीच्यांच्या सुया थांबल्या.

"सुई ठेव खाली," आत्याबाई म्हणाल्या. सासूला मी आत्याबाई म्हणत असे. बारक्या अंगाच्या, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि आवाज असा की परसातली शेरडंसुद्धा ऐकून उभी राहायची. "कुणीकडं चालली तू?"

मला कळेना. मी तर जागची हलले नव्हते.

मग त्यांनी बोटानं दाखवलं. वाकळ कडेनं शिवत शिवत आत आत न्यायची असते. चौघी चार अंगांना बसतात. उजव्या हातानं शिवणारी बाई तिच्या उजवीकडनं डावीकडं जाते. चौघींचे टाके जोडले तर देवाला प्रदक्षिणा घालावी तसा फेरा होतो. आणि मी डावीकडनं उजवीकडं चालले होते.

"उलटा फेरा हाय ह्यो," आत्याबाई म्हणाल्या. "मढ्याभवती घालत्यात तसला. त्या वाकळंत माझा ल्योक निजायचाय. न्हाय चालायचं."

शेवंताकाकूंनी मान डोलावली. चांदबी तेवढी म्हणाली, "जाने द्या ना भाबी, पोरगी हाय." पण आत्याबाईंनी तिच्याकडं नुसतं बघितलं, आणि चांदबीनं पानाचा विडा तोंडात सारला.

मी उजव्या हातानं शिकायचा प्रयत्न केला नाही असं नाही. केला. बोटांची चाळण झाली. टाके असे पडायचे की कोंबडी नाचून गेल्यासारखे. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाय, कापड वाया चाललंय. तू आपली भाकरी बघ." झालं. म्हणजे सगळ्या गावाच्या बायकांचा सोमवार, आणि माझा मात्र भाकरीचा वार! हाताला धरून कुणी घराबाहेर काढत नाही, पण असं काढतात.

चुलीपाशी बसून मी सगळं ऐकायची. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या जावयानं रेडिओ मागितला, तुळजापूरच्या बाजारात लाल बांगड्या आल्यात. हसण्याचा लोट यायचा आणि मला मधलं वाक्यच ऐकू आलेलं नसायचं. अंगाचा तिळपापड व्हायचा. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बायकांच्यात मी काय बोलू?" खरंच होतं त्याचं. नंदीला सुट्टी होती, तोही सुट्टीवर होता.

पण चुलीपाशी बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट मिळते. लांबनं बघायला मिळतं. आमच्या गावातल्या प्रत्येक वाकळेला मधोमध एक फुगा असायचा. कडा सपाट, कोपरे नेटके, आणि मध्याला कापड पिळून वर आलेलं. निजलं की नेमकं पाठीत. ह्याचा कुणाला विषाद नव्हता, उलट अभिमान होता. "वाकळंला पोट पायजे," शेवंताकाकू म्हणायच्या, "पोटात ऊब राहती." नव्या पोरींना हे शहाणपण म्हणून शिकवलं जायचं. मी आमच्या माहेरच्या कौदीवर झोपत आले होते. अव्वा ती एक ओळ इकडनं, एक तिकडनं अशी शिवायची, तिला पोट नव्हतं. थंडीनं मेलेही नव्हते.

मग माझ्या लक्षात आलं. दोरा ज्या अंगानं ओढाल त्या अंगानं वरचं कापड बोटभर सरकतं. चौघीजणी एकाच अंगानं ओढतात, फेऱ्यामागनं फेरा, आणि ते सगळं सरकलेलं कापड जाणार कुठं? मध्यात येऊन बसणार. ते पोट नव्हतं. चौघींनी मिळून वाकळेला दिलेला पीळ होता. पण हे सांगणार कुणाला? सुनेनं सासूच्या वाकळेला नाव ठेवायचं म्हणजे शेणात दगड मारून शिंतोडे अंगावर घ्यायचे.

आणि मग तो सोमवार आला. आत्याबाईंनी माझी ट्रंक उघडली. मला न विचारता. अव्वाचं लुगडं काढून त्यांनी ओसरीवर अंथरलं, चार कोपऱ्यांना पाटा, वरवंटा, पायली आणि एक वीट ठेवली. "आज ह्याची करू," त्या म्हणाल्या. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. सुनेच्या माहेरच्या लुगड्याची वाकळ करणं म्हणजे सुनेचं कौतुकच होतं. मी आतनं बघितलं. तिघी तीन अंगांना बसल्या. शेवंताकाकूंनी दोरा ओवला, जिभेनं टोक ओलं केलं, आणि सुई त्या काळ्या अंगाला लावली.

मी पिठाच्या हातानंच बाहेर आले.

"काकू, सुई लावू नका."

"काय झालं गं?"

"माझ्या अव्वाचं लुगडं आहे. मी शिवणार."

आत्याबाई बसल्या जागेवरनं म्हणाल्या, "उलटा फेरा म्या घालू देणार न्हाय. सांगून झालंय."

आता इथं शहाण्या सुनेनं आत जायचं असतं. मी कधी शहाणी नव्हते. "आत्याबाई," मी म्हणाले, "तुम्ही सकाळी महादेवाला गेला होता ना? कसा फेरा घातला?"

"म्हंजे?"

"पाणी जातं त्या गोमुखापर्यंत गेलात. ते ओलांडलंत का?"

"महादेवाचं गोमुख कुणी वलांडतं व्हय?"

"मग काय केलंत?"

आत्याबाई उत्तर देणार होत्या. तोंड उघडलंही होतं. पण उत्तर त्यांच्याच पायांना ठाऊक होतं. गोमुखापर्यंत जायचं आणि तिथनं उलटं फिरून परत यायचं. इतर देवांना पुरा फेरा, महादेवाला मात्र सुलटा आणि उलटा. दर सोमवारी त्या तेच करत आल्या होत्या.

"तुमच्या महादेवाला उलटा फेरा चालतो," मी म्हणाले, "आणि तुमच्या वाकळेला चालत नाही. वाकळ मोठी का महादेव?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" शेवंताकाकू ओरडल्या. चांदबीनं पदर तोंडात कोंबला, पण तिचे खांदे गदगदत होते. आत्याबाई उठल्या. पाटा उचलला, वरवंटा उचलला, लुगड्याची घडी घातली आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी आमच्या ओसरीवर कुणी काही शिवलं नाही. आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या त्या फक्त मीठ, तेल आणि सरपण ह्याबद्दल. मी मनात म्हणत होते, संपलं सगळं, हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस बाई. रडलेही. पण बोललेलं परत घ्यावं असं एकदाही वाटलं नाही.

मेघाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, तुम्ही तर क्रांतीच केलीत." कसली क्रांती? मला वाकळेवर बसायचं होतं. माणसाला मोठं काही हवं असतं असं नाही. हसण्याच्या वेळी आपण तिथं असावं, एवढंच हवं असतं. आता बाया म्हणतात, ग्रुपमध्ये घ्या. आम्ही म्हणायचो, सरका जरा. मागणं तेच.

पुढच्या सोमवारी आत्याबाई मला देवळात घेऊन गेल्या. बेल वाहिला, पाणी घातलं, आणि फेऱ्याला निघाल्या. मी मागं. गोमुखापाशी त्या थांबल्या. तिथनं बारीक धार वाहत होती आणि दोन चिमण्या त्यात पंख भिजवत होत्या. आत्याबाईंनी त्या धारेकडं बघितलं, मग आपल्या पायांकडं बघितलं. मग उलट्या फिरल्या. मीही फिरले, म्हणजे आता मी पुढं आणि त्या मागं. तसंच आम्ही परत आलो.

घरी आल्यावर त्यांनी लुगडं पुन्हा अंथरलं. चौथ्या अंगाची जागा रिकामी ठेवली. "बस तिकडनं," म्हणाल्या. "पर पोट न्हाय आलं तर बघ माझ्याशी गाठ हाय."

तीनचार सोमवार लागले. त्या तिघी मिळून एक फेरा पुरा करायच्या, आणि त्याच्या आतनं मी माझा उलटा फेरा धरायची. हात माझा चपळ, आणि इतक्या दिवसांचा राग बोटांत साठलेला. सुई अशी चालायची की चांदबी म्हणायची, "अगे जरा दम खा, कापड भागके नई जाता." त्यांनी एका अंगाला ओढलेलं कापड मी दुसऱ्या अंगाला आणत होते. मध्य जवळ येत चालला तसं सगळ्यांचं बोलणं कमी होत गेलं. शेवंताकाकू तळहातानं पुन्हा पुन्हा चाचपत होत्या. पोट कुठं गेलं?

शेवटचा टाका आत्याबाईंनी मला घालायला सांगितला. दोरा तोडला. वाकळ जमिनीवर पडली होती, सारवलेल्या भुईसारखी सपाट. चांदबी उठली, माठातनं तांब्या काठोकाठ भरून आणला, आणि आत्याबाई "अगं ए, सांडशील!" म्हणेपर्यंत वाकळेच्या बरोबर मधोमध ठेवून दिला. आम्ही सगळ्या वाकून बघत राहिलो. थेंब सांडला नाही.

शेवंताकाकूंनी आपल्या पाठीवरनं हात फिरवला. मग म्हणाल्या, "म्हंजे जन्मभर माझ्या पाठीत जे टोचलं, ती ऊब न्हवती?" त्यावर ओसरी अशी हसली की समोरच्या घरातले म्हातारे बाहेर आले. त्या हसण्यात मी होते. मधलं वाक्यही मला ऐकू आलेलं होतं. आई शप्पथ, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो पुढं पोरं झाली तेव्हाही तेवढाच झाला, जास्त नाही.

गावात गोष्ट पसरायला काय लागतं? रविवारी आडावर वरच्या आळीच्या बाया आत्याबाईंना गाठू लागल्या. "तुमची सून उद्या मोकळी हाय का?" आणि आत्याबाई, ज्यांनी मला भाकऱ्या थापायला बसवलं होतं, त्या घागर कडेवर घेऊन सावकाश विचार करायच्या. "उद्या? उद्या न्हाय जमायचं. उद्या ती पाटलाकडं बसायची हाय. म्होरल्या सोमवारी बघू." तोरा असा की जणू गावात बाया बऱ्याच होत्या पण डावा हात एकच होता. मला आधी काही विचारायच्या नाहीत. मीही कधी हरकत घेतली नाही, कारण जिथं जायची तिथं थालीपीठ मिळायचं.

असा उन्हाळा सरला. ज्येष्ठ संपत आला, आणि एका रविवारी दिवस मावळताना माझा भाऊ गाडी घेऊन दारात आला. आखाडात नव्या सुनेनं सासरी राहू नये, म्हणून मला न्यायला. गाडीत अव्वाही होती. सकाळीच निघायचा त्यांचा बेत होता. पण सकाळी सोमवार. आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या दारातनं सोमवारी बैल जुंपायचं न्हाईत. मंगळवारी जावा." अव्वाला मराठी येत नव्हतं, आत्याबाईंना कानडी मोडकंतोडकं, पण बैल आणि सोमवार हे दोघींनाही कळलं.

सोमवारी दुपारी ओसरी भरली. त्या दिवशी आत्याबाईंची स्वतःची वाकळ होती. अव्वा भिंतीला टेकून लांब बसली, मांडीत हात घालून. मी तिला तिच्या लुगड्याची वाकळ दाखवली होती. तिनं तळहात फिरवला होता, माझ्या ओळी ओळखून त्यांच्यावर बोट ठेवलं होतं. एवढं झालं, मग आता ती अशी परक्यासारखी का बसली, मला कळेना.

आत्याबाईंनी वर बघितलं. सुई थांबवली. वाकळेच्या कडेवर हात आपटून मोठ्यानं म्हणाल्या, "बा, कुंदर!" ये, बस. बहुतेक तेवढंच कानडी येत होतं त्यांना.

अव्वा हलली नाही. मग चांदबीनं तिच्या दंडाला धरून तिला आणून माझ्या शेजारी बसवलं आणि हातात ओवलेली सुई दिली. अव्वानं ती क्षणभर उजव्या हातात धरली. इकडंतिकडं बघितलं. माझी सुई डाव्या हातात होती, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मग तिनं हात बदलला.

दोन-चार टाके झाले असतील. अव्वा खाली मान घालून कानडीत म्हणाली, "मला कुणी कौदीवर बसवलं नाही गं कधी. सासरी आले तेव्हापासून एकटीनंच शिवली, घराच्या मागं."

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तिला एकांत आवडतो.

"काय म्हणत्यात ईहीणबाई?" आत्याबाईंनी विचारलं.

ते मला सगळ्यांपुढं मराठीत सांगवेना. म्हणाले, "दोरा संपत आलाय म्हणतात."

आत्याबाईंच्या मांडीखाली बाजारातनं आणलेलं पांढऱ्या दोऱ्याचं नवं रीळ होतं. ते त्या कुणाच्या हातात देत नसत, वितीनं मापून दोरा तोडून द्यायच्या. त्यांनी ते बाहेर काढलं आणि अख्खं अव्वाच्या ओटीत टाकलं.